वास ऐकणारा कान

झाडावरून तोडलं की सफरचंद मेलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ओझरजवळच्या बोरस्त्यांच्या शीतगृहात जाऊन यावं. तिथल्या सात प्रचंड खोल्यांत हिमाचलातली सफरचंदं थराथरांनी निजलेली असतात, आणि ती झोपेत श्वास घेत असतात. शरयू पिंगळे त्या श्वासांवर लक्ष ठेवायची. हुद्दा गुणवत्ता-प्रमुखाचा, पण पाहुण्यांना ती सांगायची, "मी इथली दाई. पोरं निजली का, कुणी चुळबुळ करतंय का, एवढंच बघते."

त्या शीतगृहाची एक रीत होती. आताचा मालक धैर्यशील याचे वडील, अण्णा बोरस्ते, यांनी द्राक्षाचा नाद सोडून पहिली खोली बांधली तेव्हा त्यांना कळलं की दार लावल्यावर आतली हवा बदलून टाकतात, इतकी की माणूस आत गेला तर चार पावलांत कोसळेल. अण्णा म्हणाले, म्हणजे पुढचे कित्येक महिने आत माणसाचा शब्द नाही. मग शेवटचा शब्द तरी देवाचा असू दे. तेव्हापासून प्रत्येक खोली भरली की दार लावण्याआधी आत छोटं कीर्तन व्हायचं. कीर्तनकार ठरलेले, शरयूचे सख्खे मामा दिगंबरबुवा. पागोट्याखाली कानटोपी, उपरण्याखाली जाड स्वेटर, पायांत लोकरी मोजे अशा थाटात बुवा उभे राहत. थंडीनं तबल्याची शाई आखडे आणि एकनाथ तबलजी हातोडी घेऊन कुरकुरत बसे. हमाल, ड्रायव्हर, हिशेबनीस, सगळे शाली पांघरून खोक्यांना टेकून बसत. अण्णा गेले, धैर्यशील मालक झाला, यंत्रं नवी आली, रीत मात्र तशीच चालू राहिली.

त्या भाद्रपदात चौथी खोली लावायची होती. बुवांनी निरूपण रंगवलं, नामाचा गजर झाला, शरयूनं टाळ खाली ठेवले आणि सवयीनं भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. जी रेघ सपाट असायला हवी तिच्यावर मधोमध एक टेकाड उभं होतं.

ही रेघ कशाची, ते सांगितलं पाहिजे. तोडलेलं फळ जिवंत असतं. ते प्राणवायू घेतं, स्वतःची साखर जाळतं, आणि अशी जाळता जाळता म्हातारं होतं. थंडी केली की श्वास मंदावतो. प्राणवायू अगदी नावापुरता ठेवला की आणखी मंदावतो, आणि फळाला गाढ झोप लागते. पण फळं एकमेकांना हाकाही मारतात. पिकायला लागलेलं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, तो शेजारच्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं. आपल्या आज्यांना वायूचं नाव ठाऊक नव्हतं, पण आंब्याच्या अढीत एक पिकला की बाकीचे मागोमाग येतात हे ठाऊक होतं. हजारो खोक्यांच्या खोलीत अशी एक हाक उठली की झोप मोडलीच.

ती हाक पकडायला धैर्यशीलनं नवं यंत्र आणलं होतं, ते चौथ्या खोलीपासूनच लावलं होतं. त्यात लेसरचा किरण लुकलुकत खोलीतल्या हवेवर पडे. इथिलीनचा कण तो किरण पिऊन तापे आणि फुगे, किरण थांबला की आक्रसे. त्या फुगण्या-आक्रसण्यातून अतिशय बारीक आवाज निघे आणि यंत्रातला मायक्रोफोन तो टिपे. म्हणजे यंत्र वास ऐकायचं. आजवरच्या यंत्रांना जी हाक उठल्यावर कळे, ती याला ओठांवर असतानाच कळे. हमालांनी त्याचं नाव पाडलं 'कान'. शरयूला तर ते यंत्र भारीच आवडलं होतं. नुसतं कान लावून बसायचं आणि ऐकू येईल तेवढं खरं मानायचं, हे तिला लहानपणापासून कीर्तनानंच शिकवलं होतं.

आणि या वर्षी कानाची गरजही मोठी होती. डोंगरात हिवाळा नीट पडलाच नव्हता. सफरचंदाच्या झाडाला फुलण्याआधी भरपूर थंडी खावी लागते. ती मिळाली नाही की काही फांद्या लवकर फुलतात, काही उशिरा. त्यामुळे एकाच खोक्यात कच्चं, जून आणि पिकायला टेकलेलं, असं सगळंच येत होतं. शरयू फळं आडवी कापून आयोडिनच्या पाण्यात बुडवी. जिथे पिठूळ भाग असे तिथे निळाकाळा रंग चढे, जिथे साखर झाली असेल तिथे पांढरंच राही. दर वर्षी सगळ्या फोडींवर सारखी नक्षी उमटायची, या वर्षी दोन फोडी जुळत नव्हत्या. अशा मालाला पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत झोपवायचं तर दार लावतानाची रेघ सपाटच हवी, नाहीतर घेणारे ती खोली लांबच्या साठवणीची मानत नसत. मग तो माल लवकर विकून टाकावा लागे, आणि बागवाल्यांचं वर्ष हुकत असे.

धैर्यशीलनं टेकाड पाहिलं आणि पहिला संशय उदबत्तीवर घेतला. शरयूलाही ते पटलं. केळी पिकवायला पूर्वी बंद खोलीत धुरी द्यायचे, ते काही उगीच नव्हे. धुरातही हाच वायू असतो. इतकी वर्षं आपण भक्तिभावानं पोरांना झोपवतो आणि त्याच हातानं कानाशी घंटा वाजवतो, असं म्हणून ती स्वतःशीच हसली. पंखे लावून खोली धुऊन काढली, तेव्हा कुठे दार लागलं, पण त्यात बराच गारवा वाया गेला.

पाचव्या खोलीत उदबत्ती नव्हती. टेकाड होतंच. मग संशय गेला झेंडूच्या हारावर आणि प्रसादाच्या केळ्यांवर. केळ्यांचा घड सफरचंदांच्या खोलीत नेणं म्हणजे निजलेल्या घरात बँड नेणं, हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सहाव्या खोलीत देवापुढे फक्त तुळशीचं पान आणि खडीसाखर. बुवांनी त्यावरही कोटी केली की देवाचा उपास आणि सफरचंदांची चंगळ. सगळे हसले, कीर्तन झालं, आणि रेघ पुन्हा चढली.

आता मात्र शरयूचं कुतूहल चाळवलं. तिनं रेघ मोठी करून पाहिली. टेकाडाला दाते होते. एकनाथ एकटा वाजवत होता तिथे रेघ खाली. श्रोते गजर करत होते तिथे थोडी वर. आणि आख्यानात बुवा एका दमात मोठं वर्णन म्हणत, तिथे सरळ कडा. तिनं धैर्यशीलला बोलावलं आणि सगळ्यांना एकेक करून कानाच्या नळीत फुंकायला लावलं. हमालांना गंमत वाटली. एकनाथनं तंबाखू खाल्ल्याचं आधीच कबूल करून टाकलं. त्याची रेघ जराशी हलली, बाकीच्यांची तर तेवढीही नाही. शेवटी बुवा आले, कीर्तनात शंख फुंकत तसे गाल फुगवून फुंकले, आणि पडद्यावर तेच टेकाड उभं राहिलं.

"म्हणजे अढीतला नासका आंबा बुवाच निघाले की," धैर्यशील बोलून गेला.

हमाल हसणार होते, पण कुणी हसलं नाही. बुवांनी नळी जागेवर ठेवली, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "आंबा म्हणालास ते बरं केलंस, धैर्यशीला. तुझ्या सफरचंदापेक्षा मान मोठा आहे." मग ते बाहेर जाऊन उन्हात बसले. तिथून ते गाडी येईपर्यंत हलले नाहीत.

धैर्यशील वाईट मनाचा नव्हता. बोललेलं त्याला लगेच लागलं, पण बागवाल्यांचा माल त्याच्या शब्दावर आला होता. सातवी खोली अजून रिकामी होती. वरच्या बागांचा माल या वर्षी उशिरा, कार्तिक सरता सरता येणार होता, आणि तोच सगळ्यांत टिकाऊ. त्यानं शरयूला सांगितलं की सातव्या खोलीत बुवा नकोत. त्यांचं कीर्तन आधी ध्वनिमुद्रित करून कर्ण्यावर लावू. यंत्र सांभाळणाऱ्या पोरीनं दुसरी वाट सुचवली. कीर्तनाच्या वेळेपुरता कान बंद ठेवायचा. एवढ्याशा वायूनं फळांना काही होत नाही, मागून हवा बदलतेच, रेघ सपाट दिसेल आणि रीतही राहील.

शरयूला ती वाट क्षणभर फार सोयीची वाटली. होकार तिच्या ओठांवर आलाही. फळांना काही होत नाही हे खरंच होतं. पण मग ही हाक येतेय कुठून? तंबाखू नाही, विडी नाही, आयुष्यभर तुळशीचं पाणी पिणारा माणूस. फळाच्या हाकेला आपण धावून जातो, आणि मामा हाक मारतोय तर कान बंद करायचा? तिनं नाही म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात तिनं मिळेल ते वाचलं. माणसाच्या पेशी फळासारखा इथिलीन बनवत नाहीत. पण शरीरात कुठे दाह पेटला की पेशींमधली चरबी जळते आणि त्यातून हा वायू किंचित निर्माण होतो, रक्तात उतरतो, श्वासातून बाहेर पडतो. तो रोगाचं नाव सांगत नाही. कुठेतरी धुमसतंय, एवढंच सांगतो. आधीच्या यंत्रांना एवढा बारीक धूर दिसतच नव्हता.

रविवारी ती मामाकडे निफाडला गेली. मामी गेल्यापासून बुवा एकटेच राहत. स्वयंपाक स्वतः करत आणि तो चांगला करत. शरयूनं पिशवीतून गेल्या वर्षीची दोन सफरचंदं काढली. दुसऱ्या खोलीतून नुकती उठवलेली, टणक, करकरीत. लांब झोपलेल्या फळाचा कडकपणा राहतो, वास मात्र बराचसा जातो. त्यावर त्या दोघांचा नेहमीचा वाद असे. बुवा म्हणत, तुमचं फळ दिसायला तरुण आणि बोलायला मुकं. दर वर्षी ते सफरचंद पंच्याला पुसत, करकन चावा घेत आणि मग निकाल देत.

या वेळी त्यांनी सुरी मागितली. सफरचंदाच्या पातळ फोडी केल्या, इतक्या पातळ की पलीकडचं दिसावं, आणि एक फोड डाव्या गालात सारून बराच वेळ घोळवली. मग चिमटीनं डबीतली लवंग काढून उजव्या बाजूला दाबली.

शरयू पाहत राहिली. लवंगेचा वास तिला मामाच्या अंगाचाच वाटायचा. कीर्तनकार गळ्यासाठी लवंग धरतात, यात कुणाला काही नवल नव्हतं. गळ्यासाठी धरलेली लवंग जिभेखाली असते. ही हिरडीशी होती, आणि आज कीर्तनही नव्हतं. ज्या नाकावर तिची नोकरी चालत होती त्यानंच तिला फसवलं होतं.

"मामा, कधीपासून दुखतंय?"

बुवांनी आधी उडवाउडवी केली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चैत्रापासून उजव्या बाजूच्या वरच्या सुळ्यानं आणि त्याच्या शेजारच्या पुढच्या दातानं छळ मांडला होता. संध्याकाळी कणकण यायची. जिना चढताना धाप लागायची, ती त्यांनी वयाच्या खात्यावर टाकली होती. दाताच्या डॉक्टरनं दोन्ही काढायला सांगितले, आणि त्यानंतर बुवा त्या गल्लीत फिरकले नव्हते.

"दोन दातांसाठी घाबरलात?"

"दातांसाठी नाही गं, शरू. शब्दासाठी. दात गेला की श्रीहरीतला श शीळ घालतो. वामनराव कीर्तनकारांचं पाहिलं मी. चाळीस वर्षांची वाणी, आणि पोरं समोर बसून तोंड दाबून हसायची. मला नाही तसं उभं राहायचं. आणि तूच सांगतेस ना, फळं दोन तऱ्हेची असतात? टिकायला तोडतात ती कच्ची, खायला तोडतात ती पिकलेली. मी खायला तोडलेला आहे. या मोसमात संपलो तर बिघडलं कुठे?"

बुवांनीच लहानपणी मांडीवर बसवून शरयूला टाळ धरायला शिकवलं होतं. शब्दांत त्यांना हरवणं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं उरलेल्या फोडींकडे पाहिलं. हवेवर त्या तांबूस व्हायला लागल्या होत्या.

"आमच्या कोठीतलं एकही फळ आमचं नसतं," ती शेवटी म्हणाली. "बागवाला ठेवायला देतो. त्यानं मागितलं की द्यायचं, पण तोवर ते नासू द्यायचं नाही. नासलं तर, खायलाच तोडलं होतं, असं म्हणून आम्हाला सुटता येत नाही. हा देह देवाची ठेव आहे, असं तुम्ही किती वेळा सांगितलंत, मामा. मी समोर बसून ऐकलंय. ते काय नुसत्या श्रोत्यांसाठी होतं?"

बुवांनी एक तांबूस फोड उचलली, परत ठेवली.

मग तिनं कर्ण्याची गोष्ट सांगितली. ही मात्र त्यांना दातापेक्षा जास्त झोंबली. मी जिवंत असताना माझा आवाज डब्यातून, असं ते दोनदा म्हणाले. शरयूनं तिथेच करार मांडला. सातव्या खोलीचं दार कार्तिकाशिवाय लागत नाही. तोवर औषधपाणी करायचं. कानाची रेघ सपाट आली तर कीर्तन बुवांचंच, समोर उभं राहून. नाही आली तर कर्णा, आणि तिनं स्वतः त्या दिवशी टाळ धरायचे नाहीत.

"आणि शीळ घातली तर?"

"तर घालू दे. कानाला फक्त वास ऐकू येतो, श ऐकू येत नाही."

बुवांना हसू आलं, आणि हसताना दुखलंही.

नाशिकच्या हृदयाच्या डॉक्टरांनी आधी सफरचंदाच्या यंत्राची कथा ऐकून भुवई उंचावली, मग बुवांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. दाताच्या मुळाशी साचलेले जंतू रक्तातून जाऊन हृदयाच्या झडपेवर बसले होते. अगदी सावकाश, कुणाला पत्ता न लागू देता ते आपलं बिऱ्हाड वाढवत होते. डॉक्टर म्हणाले, झडप अजून शाबूत आहे. आणखी एखादा महिना गेला असता तर मी हे वाक्य म्हणालो नसतो. दोन्ही दात गेले. शिरेतून औषध सुरू झालं, ते कित्येक आठवडे चालायचं होतं. बुवांनी दवाखान्यातल्या आयांना आख्यानं सांगून वेठीस धरलं. बोलताना मात्र ते तोंडापुढे उपरणं धरत.

धैर्यशील भेटायला आला तो हात हलवत आला नाही, चक्क आंबे घेऊन आला. आता शीतगृहांच्या कृपेनं आश्विनातही आंबा मिळतो. बुवांनी एक हुंगला आणि वास नाही म्हणून परत दिला, पण त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाताना धैर्यशीलनं शरयूला बाजूला घेतलं. अण्णा असते तर नळीत फुंकून घेतल्यावर पहिली गाडी डॉक्टरकडे काढली असती, आणि आपण काढली कर्ण्याची टूम, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. दर मोसमाला सगळ्या हमालांचे श्वास कानाकडून तपासून घ्यायचे असं त्यानं ठरवलं होतं. शरयूला ते आवडलं आणि जरा भीतीही वाटली. ती म्हणाली, तपासा, पण एक अट. कुणाची रेघ चढली तर त्याला दवाखान्यात पाठवायचं, घरी नाही. धैर्यशील म्हणाला की रेघ ज्याची त्याला आणि डॉक्टरला दाखवू, मला नको.

वरच्या बागांचा, किन्नौरचा माल ठरल्यापेक्षाही उशिरा आला. शेवटचा ट्रक आला तेव्हा ओझरलाही सकाळी दात वाजायला लागले होते. शरयूनं फोडी आयोडिनमध्ये बुडवल्या, आणि या वर्षी पहिल्यांदाच सगळ्यांवर एकसारखी नक्षी उमटली. त्या उंच बागांत गेल्या हिवाळ्यात, उशिरा का होईना, थंडी पोचली होती.

सातव्या खोलीत बुवा आले ते काठी टेकत. स्वेटर त्यांना सैल झाला होता. लवंगेची डबी त्यांनी घरीच ठेवली होती. धैर्यशीलनं नळी पुढे केली नाही. बुवांनी स्वतःच ओढून घेतली आणि फुंकलं. रेघ जिथे होती तिथेच पडून राहिली. हमालांमध्ये कुजबुज झाली. एकनाथनं हातोडी उचलून शाईला शिव्या द्यायला सुरुवात केली.

बुवा उभे राहिले. पहिलंच नाम श्रीहरीचं घ्यायचं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. रामकृष्णावर काम भागवलं, विठ्ठलाला आळवलं, श चुकवत चुकवत अर्धं निरूपण ओढून नेलं. शरयूला ते कळत होतं. खळग्याखळग्यांच्या वाटेवर कुणी दिवा सांभाळत चालावं तसं ते चाललं होतं. आवाज होता, पण रंग चढत नव्हता. मग आख्यानाच्या भरात तो शब्द आलाच. समोरून आला आणि चुकवायला जागा उरली नाही. बुवा म्हणाले, "श्रीहरी," आणि दातांच्या रिकाम्या जागेतून बारीक, स्वच्छ शीळ निघाली.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बुवा थांबले. त्यांनी खोक्यांच्या भिंतींकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि मग पुन्हा म्हणाले, "श्रीहरी." शीळ पुन्हा निघाली. "पावा वाजवतोय लेकाचा," बुवा म्हणाले. "इतकी वर्षं बोलावत होतो, आज तोंडातच येऊन बसला." आणि त्यांनी गजर धरला तो त्याच नामाचा. हसणारे टाळ्या वाजवायला लागले. एकनाथनं ठेका चढवला. त्या गार खोलीत प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती आणि सगळ्यांच्या वर ती शीळ पाखरासारखी फिरत होती.

शरयूनं टाळ वाजवता वाजवता पडद्याकडे पाहिलं. रेघ सपाट होती. जगातला सगळ्यांत तीक्ष्ण कान भिंतीवर बसला होता आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

शेवटचं मागणं मागून झालं. आता दार लावायचं. कळ शरयूच्या हाताशी होती, आणि एरवी एकेका मिनिटाच्या गारव्यासाठी ओरडणारा धैर्यशील तिच्या शेजारीच उभा होता. आज तो घाई करत नव्हता. बुवा उंबऱ्यावर टेकून धाप टाकत होते. वरच्या खोक्यातून त्यांनी एक सफरचंद उचललं, पंच्याला पुसलं, तोंड वाकडं करून डाव्या बाजूला धरलं आणि करकन चावा घेतला.

"हं," ते चावत म्हणाले. "हे बोलतंय."